वाचक विचारतात : जुन्या रेसिंग मोटारसायकलींचे कनेक्टिंग रॉड

जुन्या मोटारसायकली शर्यतीसाठी तयार करणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांत सर्वांत जास्त प्रश्न एकाच भागाबद्दल होते : कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा. कंपनीचा मूळ कनेक्टिंग रॉड काढून बाहेर बनलेला रॉड घालावा का, कोणता घालावा आणि बसवताना काय सांभाळावे? नाशिक आणि आसपासच्या निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मूळ कंपनीऐवजी बाहेरच्या कारखान्यांनी रॉड बनवायला कधी आणि का सुरुवात केली? ट्रायम्फ, नॉर्टनच्या गोष्टींत हे रॉड नेहमी ऐकू येतात. (गंगापूर रोड)

मूळ कारण आहे इंजिनाचा वेग. रॉडवरची ओढ आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारखान्याने एका वेगासाठी रॉड आखायचा आणि शर्यतीवाल्याने इंजिन त्याच्या पुढे न्यायचे, असे सतत घडत आले.

ट्रायम्फची स्पीड ट्विन १९३७ साली आली. तिचे ५०० सीसीचे इंजिन ६३०० आरपीएमला सुमारे २७ हॉर्सपॉवर देत असे. ट्रायम्फचे डिझायनर एडवर्ड टर्नर यांनी तिला आरआर ५६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रॉड दिले. रोल्स-रॉइसने विमानांच्या इंजिनांसाठी विकसित केलेल्या मिश्रधातूंपैकी हा एक. त्या वेगाला तो रॉड उत्तम होता. पण पुढे तीच मांडणी ६५० आणि मग ७५० सीसीपर्यंत वाढवली गेली, आणि शर्यतीत ७००० च्या पुढचे आकडे रोजचे झाले. ॲल्युमिनियमची अडचण इथेच येते. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर ते जवळपास कितीही फेऱ्या सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नसते. लहान ताणानेही त्याचे आयुष्य थोडे थोडे संपत जाते, म्हणून शर्यतीच्या इंजिनात असे रॉड ठराविक तासांनी फेकून द्यावे लागत.

अमेरिकेत बॉनव्हिलच्या मीठपठारावर गाड्या पळवणाऱ्यांपैकी फ्रेड कॅरिलो यांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात रॉड बनवायला सुरुवात केली. घडीव निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, एच आकाराचा छेद, चारी बाजूंनी मशिनिंग आणि विमानांच्या दर्जाचे बोल्ट ही त्यांची पद्धत. आज बाजारात जे एच-रॉड दिसतात, त्यांतले बहुतेक याच आकाराच्या नकला आहेत.

नॉर्टन मँक्स, बीएसए गोल्ड स्टार या शर्यतीच्या सिंगल सिलिंडर गाड्यांना पोलादी रॉड आणि रोलर बिग एंड (रॉडचे क्रँककडचे टोक रोलर बेअरिंगवर) आधीपासूनच होते. त्यांची अडचण निराळी होती, त्यांचे कारखानेच संपले. मँक्सचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले. १९६६ मध्ये या कंपन्यांचा मालक एएमसी समूह कोसळला, तेव्हा मँक्स, एजेएस ७आर आणि मॅचलेस जी५० यांच्या शर्यत विभागाचा माल आणि हक्क कॉलिन सीली यांनी घेतले. तेव्हापासून या गाड्या बाहेरच्या भागांवरच जगल्या आहेत. इंग्लंडात हिंकलीची ॲरो प्रिसिजन रॉडसाठी आणि अल्फा बेअरिंग्ज बिग एंडसाठी ओळखली जाते.

जपानी गाड्यांनी या धंद्याचे दोन भाग पाडले. १९६९ च्या होंडा सीबी ७५० चे रॉड दोन तुकड्यांचे, बोल्टने जोडलेले आणि साध्या शेलवर (दोन अर्धगोल पातळ बेअरिंगवर) फिरणारे. डिक मान यांनी १९७० ची डेटोना २०० शर्यत याच गाडीवर जिंकली. इथे क्रँक न उकलता रॉड बदलता येतो. १९७२ च्या कावासाकी झेड १ मध्ये क्रँक प्रेस करून जोडलेला आणि रॉड अखंड रोलरवरचे. इथे रॉड बदलायचा तर आधी क्रँक उकलावा लागतो. ड्रॅग शर्यतीत प्रेस केलेली पिन फिरून क्रँक पिळला जाई, म्हणून पिना वेल्ड करण्याची पद्धत आली. आपल्याकडच्या आरडी ३५०, येझदी, आरएक्स १०० या सगळ्या दुसऱ्या गटातल्या. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींच्या काळापासून आपल्याकडे ‘बाहेरचा रॉड’ म्हणजे रॉड किट (रॉड, क्रँकपिन आणि बेअरिंग) आणि ते नीट बसवणारा क्रँकवाला, ही जोडी ठरलेली आहे. किटपेक्षा क्रँकवाल्याची निवड जास्त महत्त्वाची, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : राजदूत आरडी ३५० चे इंजिन ९००० आरपीएमपर्यंत नेतो आहे. मूळ रॉड टिकेल का? काही जण ११५ मिमीचा लांब रॉड घालायला सांगतात. (इंदिरानगर)

आधी हिशेब करू. आरडीचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५४ मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या २७ मिमी. रॉडची सेंटर-टू-सेंटर लांबी ११० मिमी. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) आणि रॉडचे वरचे टोक मिळून पाव किलो धरा. राजदूतची हाय टॉर्क आवृत्ती ६७५० आरपीएमला ३०.५ हॉर्सपॉवर देते. त्या वेगाला पिस्टन अगदी वर असताना रॉडवरची जडत्वाची ओढ सुमारे ४३० किलो भरते. ९००० ला तीच ७६० किलोच्या आसपास जाते. वेग एक तृतीयांशाने वाढला, ओढ पावणेदोन पटींहून जास्त झाली.

तरीही टू-स्ट्रोकला एक सवलत आहे. दर फेरीला पिस्टन वर येतो तेव्हा डोक्यात दाबलेला वायू असतो. तो पिस्टनला खाली ढकलतो आणि ओढीचा काही भाग झेलतो. फोर-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टच्या शेवटी हा आधार नसतो, म्हणून तिथे बोल्ट तुटतात. टू-स्ट्रोकमध्ये रॉडचा दांडा क्वचितच तुटतो. जाते ते बिग एंडचे बेअरिंग.

बेअरिंग जाण्याचे कारण बहुतेक वेळा तेल. आरडीचा ऑटोल्यूब (आपोआप तेल देणारा) पंप थ्रॉटल आणि वेग दोन्हींवर चालतो. कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि इंजिन जोरात फिरते, तेव्हा बेअरिंगला गरज जास्त आणि तेल सर्वांत कमी अशी स्थिती येते. शर्यतीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक लावताना हेच होते. पंपाची केबल खुणेवर आहे ना ते पाहा. पंप काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण तेल कंपनीने शर्यतीसाठी दिले असेल तेच ठेवा. उतारावर अधूनमधून थ्रॉटल क्षणभर उघडा.

लांब रॉडबद्दल बरेच गैरसमज आहेत. ११५ मिमीचा रॉड घातला तर वरच्या टोकाची ओढ एक टक्क्यानेही कमी होत नाही. रॉडचा सर्वांत मोठा तिरपा कोन १४.२ अंशांवरून १३.६ अंशांवर येतो, म्हणजे पिस्टनच्या स्कर्टची घासण थोडी कमी होते आणि क्रँककेसमधली जागा किंचित वाढते. त्याच्या बदल्यात ५ मिमीची प्लेट बॅरलखाली घालावी लागते किंवा पिन वर असलेला पिस्टन शोधावा लागतो. पोर्ट टायमिंग (बॅरलमधली भोके पिस्टनने उघडण्या-मिटण्याची वेळ) पुन्हा मोजावे लागते ते वेगळेच. मूळ गाडी शर्यतीसाठी पहिल्यांदा तयार करत असाल तर ११० चाच चांगला रॉड घाला आणि वाचलेला पैसा क्रँक ट्रू (एका सरळ रेषेत) करून घेण्यात घाला.

प्रश्न : बाजारातले रॉड किट खरे की नकली, हे दुकानात उभ्या उभ्या कसे ओळखावे? (द्वारका)

दुकानात सगळे ओळखता येत नाही, पण पुष्कळ कळते. अखंड रॉडमध्ये बिग एंडचे भोक हेच बेअरिंगची बाहेरची रेस (रोलर ज्यावर फिरतात तो पृष्ठभाग) असते. त्यामुळे ते भोक कार्बराइज करून (पृष्ठभागात कार्बन शिरवून) ५८ ते ६२ एचआरसीपर्यंत (रॉकवेल कठीणपणाचे माप) कडक केलेले हवे आणि दांडा मात्र चिवट राहायला हवा. कार्बन दांड्यात शिरू नये म्हणून बाकीच्या भागावर तांब्याचा मुलामा देतात. अनेक रॉडचा लालसर रंग त्यातून येतो. निव्वळ रंग पाहून खरे समजू नका, नुसता तांब्याचा रंग देणारेही आहेत.

खिशात बारीक कानस ठेवा. क्रँकपिनच्या टोकाच्या कडेवर हलकेच फिरवा. कानस घसरली तर पिन कडक आहे, धरली तर किट परत करा. पिन मायक्रोमीटरने तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. फरक २ मायक्रॉनच्या आत हवा. पिंजऱ्यातले रोलर एकमेकांत २ मायक्रॉनपेक्षा जास्त कमी-अधिक नकोत. भोकाच्या आत हात लावून ग्राइंडिंगच्या लाटा जाणवतात का ते पाहा. दांड्यावर फोर्जिंगची कड जाड आणि खडबडीत असेल तर ती चालते, घासून काढता येते. पण त्या कडेवर घडी किंवा चीर दिसली तर रॉड हातात घेऊ नका.

किट दुसऱ्या मॉडेलचे असून ‘बसते’ असे सांगितले जात असेल तर चार मापे जुळवा : लांबी, पिनचा व्यास, बिग एंडची रुंदी, स्मॉल एंडचे (पिस्टनकडच्या टोकाचे) भोक.

प्रश्न : प्रेस क्रँकमध्ये (दाबून जोडलेल्या क्रँकमध्ये) रॉड बसवल्यावर गाडी थरथरते आणि दोन महिन्यांत मेन बेअरिंग आवाज करते. किट चांगले आहे. काय चुकते? (सिन्नर)

क्रँक ट्रू झालेला नाही. आरडीसारख्या दोन सिलिंडरच्या क्रँकमध्ये ही चूक दोन प्रकारे होते.

पहिली बाहेरची. क्रँक टोकांच्या बेअरिंगच्या जागांवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा आणि डायल गेज प्रत्येक जागी लावा. एकूण हेलकावा ०.०३ मिमीच्या आत आणायचा. गेज कुठे वर जाते ते खडूने खुणवा. पिनच्या दिशेने वर असेल तर वेब (पिनच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या) पिनवर फिरलेले नाही, उघडलेले किंवा मिटलेले आहे. उघडले असेल तर दोन्ही वेब बाहेरून आवळायचे, मिटले असेल तर मध्ये पाचर घालायची. पिनच्या काटकोनात वर असेल तर वेब फिरले आहे, आणि तांब्याच्या किंवा पितळेच्या जड हातोडीने एक नेमका ठोका देऊन ते परत फिरवायचे. लोखंडी हातोडी अजिबात नाही.

दुसरी चूक आतली आहे आणि ती डायल गेजला दिसत नाही. आरडीचे दोन पिस्टन १८० अंशांनी चालतात. दोन अर्धे जोडताना हा कोन अर्धा-एक अंश चुकला तरी एका सिलिंडरवर जुळवलेले इग्निशन दुसऱ्याला पुढे किंवा मागे पडते. पॉइंट प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र जुळवले तरी क्रँकमधली चूक तशीच राहते. दोन्ही पिस्टनचे टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) डायल गेजने स्वतंत्र शोधा आणि डिग्री चकतीवर १८० आहे का ते तपासा.

मधला सील जुना असेल तर क्रँक उकलला असतानाच बदलायचा, नंतर संधी नाही. पिन आणि वेबचे भोक यांतला आवळपणा मोजा. २२ मिमीच्या पिनला तो साधारण ०.०६ ते ०.०८ मिमी असतो. वेब अनेकदा उकललेला असेल तर भोक सैल होते. अशा वेळी पिनवर पंचाने टिंबे मारून ‘पकड’ आणणारे कारागीर आहेत. रस्त्याच्या गाडीतही हे करू नये, शर्यतीच्या गाडीत तर कधीच नाही. पिन एका पायरीने मोठी करून घ्या किंवा वेब बदला.

बसवून झाल्यावर रॉड वरच्या टोकाला धरून बाजूला हलवा. यामाहाच्या या इंजिनांत डोलणे २ मिमीच्या पुढे गेले की बेअरिंग संपले समजतात. नव्या किटवर ते १ मिमीच्या आतबाहेर असते.

प्रश्न : माझ्या जुन्या ३५० बुलेटमध्ये फ्लोटिंग बुश आहे. शर्यतीसाठी रोलरचा रॉड घालावा असे सगळे म्हणतात. (नाशिक रोड)

सगळे म्हणतात ते पूर्ण बरोबर नाही. फ्लोटिंग बुश, म्हणजे पिन आणि रॉड यांच्यामध्ये मोकळी फिरणारी धातूची नळी, हा भार सोसायला चांगला आणि शांत बेअरिंग आहे. बुश पिनवरही फिरतो आणि रॉडमध्येही फिरतो, त्यामुळे दोन्ही घासणाऱ्या पृष्ठभागांवरचा सापेक्ष वेग वाटला जातो. त्याची एकच मागणी आहे : स्वच्छ तेल, पुरेशा प्रमाणात आणि न थांबता.

बुलेटमध्ये हे तेल टायमिंग बाजूने क्रँकच्या टोकातून आत जाते. टायमिंग कव्हरमधला तिथला छोटा सील झिजला की तेल बिग एंडला पोहोचण्याआधी बाजूला गळते. बाहेर काहीच दिसत नाही आणि बुश मात्र उपाशी राहतो. बुश वारंवार जात असेल तर रॉड बदलण्याआधी हा सील बदला, पंपाचे पिस्टन आणि त्यांच्या जागा घासून बसवा, आणि क्रँकपिनमधला तेलाचा मार्ग तारेने साफ करा. जुन्या इंजिनात तिथे गाळ साठून दगड झालेला असतो.

रोलरचा फायदा असा की तो कमी तेलावर तग धरतो आणि सुरू होताना लगेच फिरतो. ५५०० च्या पुढे सतत चालवणार असाल तर तो घालावा. पण वेगाचा हिशेब डोक्यात ठेवा. बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिमी आहे. कंपनीने दिलेल्या ५६२५ आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर होतो, आणि ७००० ला २१ मीटर. जुन्या लाँग-स्ट्रोक मँक्सचे इंजिन शर्यतीत याच पातळीवर चाले, आणि ते इंजिन मुळापासून त्यासाठी बनलेले होते. बुलेटला महागडा रॉड घातला तरी फ्लायव्हील, मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि क्रँककेस मूळच राहतात. शर्यतीच्या बुलेटला ६००० ची मर्यादा ठेवा, आणि रॉडबरोबर पिस्टनही हलका घ्या. पिस्टनमधून कमी केलेला प्रत्येक ग्रॅम रॉड, पिन आणि मेन बेअरिंग या तिघांचाही भार कमी करतो.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर इंजिन मूळ रूपात असणे अपेक्षित आहे. तिला शर्यतीसाठी हात लावण्याआधी हे ठरवून घ्या.

प्रश्न : नवा पोलादी रॉड घातल्यावर बुलेटची थरथर वाढली. रॉड तर चांगला आहे. (पंचवटी)

रॉड जड असेल. सिंगल सिलिंडरमध्ये रॉड बदलला की बॅलन्स पुन्हा करावाच लागतो.

रॉड आडवा धरा. बिग एंड एका पातळ सुळ्यावर टेकवा, स्मॉल एंड तराजूवर ठेवा आणि वजन घ्या. मग उलट करा. दोन्हींची बेरीज पूर्ण वजनाएवढी आली पाहिजे, नाहीतर रॉड आडवा नव्हता. स्मॉल एंडचे वजन वर-खाली जाणाऱ्या वजनात मोडते, बिग एंडचे फिरणाऱ्या वजनात.

समजा नव्या रॉडचे स्मॉल एंड ३० ग्रॅमने आणि बिग एंड ४० ग्रॅमने जड निघाले, आणि बॅलन्स फॅक्टर (वर-खाली जाणाऱ्या वजनाचा फ्लायव्हीलवर तोलायचा भाग) ६० टक्के ठेवायचा आहे. वर-खाली जाणाऱ्या ३० ग्रॅमचे ६० टक्के, म्हणजे १८ ग्रॅम. फिरणारे ४० ग्रॅम पूर्ण धरायचे. एकूण ५८ ग्रॅमची भरपाई, तीही क्रँकपिनच्या त्रिज्येवर. पिनच्या बाजूचे लोखंड भोके पाडून कमी करता येते किंवा समोरच्या बाजूला जड धातूचे डाट बसवता येतात. भोके दोन्ही फ्लायव्हीलवर सारखी वाटा, कडेला फार जवळ नेऊ नका, आणि त्यांची तोंडे गोलसर करा.

प्रश्न : ट्रायम्फ ६५० चे मूळ ॲल्युमिनियम रॉड वापरावेत की पोलादी घ्यावेत? बोल्ट किती टॉर्कला आवळायचे? (देवळाली कॅम्प)

रविवारी फिरायला न्यायची गाडी असेल आणि रॉडचा इतिहास माहीत असेल, तर मूळ रॉड चालतील. पेनिट्रंट डाय (चिरांत शिरून त्या दाखवणारा रंग) लावून तपासा, बोल्ट नवे घाला आणि ६५०० च्या पुढे जाऊ नका. ॲल्युमिनियमवर चुंबकीय तपासणी चालत नाही, एवढे लक्षात ठेवा. शर्यतीला मूळ रॉड नकोतच. हे रॉड किती फेऱ्या फिरले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तो आकडाच त्यांचे आयुष्य ठरवतो.

पोलादी रॉड घेतल्यावर शेलचे अंतर नव्याने मोजा. ॲल्युमिनियमचा रॉड तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, म्हणून जुन्या रॉडवरचे थंड अंतर नव्यावर तसेच लागू होत नाही. शेल घालून, टोपी (बिग एंडचा सुटा अर्धा भाग) पूर्ण आवळून, बोअर गेजने मोजायचे. जर्नलच्या (क्रँकवरच्या शेल बसायच्या जागेच्या) व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच अंतर हा जुना ठोकताळा आहे. ४० मिमीच्या जर्नलला ०.०४ मिमी. रॉडच्या बाजू क्रँकच्या कोपऱ्यातल्या गोलाईला घासत नाहीत ना, हे निळा रंग लावून पाहा. अनेक पोलादी रॉड मूळपेक्षा रुंद असतात.

बोल्टसाठी टॉर्क हा अंदाज आहे. खरे माप म्हणजे बोल्ट किती ताणला गेला. टॉर्कचा मोठा भाग आट्यांच्या आणि डोक्याच्या घर्षणात जातो. साधे इंजिन ऑइल लावले की एक आकडा, बोल्ट कंपनीचे वंगण लावले की दुसरा. म्हणून १९६८ पासून बोल्ट बनवणारी एआरपी टॉर्कबरोबर ताणाचे मापही देते. दोन्ही टोकांना खळगा असेल तर मायक्रोमीटरने मोकळी लांबी मोजा आणि कागदावर बोल्टनुसार लिहा. आवळा, पुन्हा मोजा. कंपनीने सांगितलेल्या ताणाएवढे आले की थांबा. इंजिन उघडाल तेव्हा बोल्ट सैल करून पुन्हा मोकळी लांबी घ्या. ०.०२५ मिमी किंवा त्याहून जास्त लांब झालेला बोल्ट टाकून द्या, कारण तो आपल्या मर्यादेपलीकडे ओढला गेला आहे.

एल १९ जातीचे अतिमजबूत बोल्ट घेतले असतील तर ते तेलात ठेवा आणि उघड्या, घामट हाताने धरू नका. ओलाव्याने त्यांत चिरा पडतात. आपल्या पावसाळ्यात हे फार सहज होते. जुन्या सवयीने रॉड-बोल्टला लॉकटाइट (आटे चिकटवणारे द्रव) लावू नका.

प्रश्न : रॉड नाशिकमध्येच बनवून घेता येईल का? परदेशी रॉड परवडत नाही आणि माझ्या गाडीला मिळतही नाही. (सातपूर)

येईल. सातपूरला मायको, म्हणजे आजच्या बॉशने, डिझेल इंजेक्शनच्या कामातून मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसे घडवली. ओझरला एचएएल आहे. अंबड-सातपूरच्या छोट्या शॉपमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन), वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणे), होनिंग, हीट ट्रीटमेंट, चुंबकीय तपासणी हे सगळे एका दिवसाच्या फेरीत सापडते. अडचण मशीनची नसते. रॉड म्हणजे साधा ब्रॅकेट समजून काम घेणाऱ्याची असते. म्हणून क्रम तुम्ही द्या.

माल ईएन २४ घ्या. ते अमेरिकी ४३४० च्या जवळचे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद आहे, टेस्ट सर्टिफिकेटसह मागा. घडाईची किंवा लाटण्याची दिशा रॉडच्या लांबीत आली पाहिजे, आडव्या दिशेने कापलेला तुकडा नको. आतल्या दोषांसाठी अल्ट्रासॉनिक करून घ्या. कच्चे मिलिंग करताना सगळीकडे दीड-दोन मिमी माल ठेवा. बिग एंड थोडे लंबगोल ठेवा, कारण टोपी कापताना जाणारी जाडी भरून निघायला हवी.

मग हीट ट्रीटमेंट : ८३० ते ८५० अंशांवरून तेलात बुडवणे आणि ५५० ते ६०० च्या दरम्यान टेंपरिंग. कठीणपणा ३४ ते ३८ एचआरसी आला पाहिजे. ‘जास्त कडक करून देतो’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका, कडक रॉड एका लहान ओरखड्यातून तुटतो.

त्यानंतर फिनिश मिलिंग. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला किमान ३ मिमीची गोलाई. बोल्टच्या डोक्याची बैठक आणि दांडा जिथे भेटतात तो कोपरा सर्वांत धोकादायक. तिथे एंड मिलचा धारदार ठसा राहिला तर रॉड तिथेच चिरतो. वायरकट वापरला असेल तर कापलेल्या पृष्ठभागावर वितळून गोठलेला पातळ, ठिसूळ थर राहतो, त्यात सूक्ष्म चिरा असतात. तो ग्राइंडिंगने पूर्ण काढा.

बोल्ट स्थानिक बनवू नका. चांगल्या कंपनीचे तयार बोल्ट आधी आणा आणि त्यांच्या मापाने भोके रीम करा. टोपी डॉवेलवर बसवा, बोल्ट पूर्ण ताणापर्यंत तीनदा आवळून-सोडून घ्या, आणि मगच बिग एंड बोअर करा. दोन्ही भोकांत ग्राइंड केलेल्या पिना घालून समांतरता आणि पीळ तपासा : १०० मिमीवर ०.०२ मिमीच्या आत.

घासणे लांबीच्या दिशेने, आडवे एकही ओरखडे नको. मग चुंबकीय तपासणी, डीमॅग्नेटाइज, भोके झाकून शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा), आणि शेवटी होनिंग. पीनिंगनंतर रॉड चमकावायचा मोह टाळा. पीनिंगने पृष्ठभागावर जो दाब भरलेला असतो, तो घासण्याने निघून जातो. क्रोम प्लेटिंग तर नकोच. आम्लातला हायड्रोजन मजबूत पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते.

रोलरसाठी अखंड रॉड हवा असेल तर पोलाद बदलते. ईएन ३६ किंवा ईएन ३५३ घ्या, दांड्यावर तांब्याचा मुलामा द्या, आणि ग्राइंडिंग झाल्यावर ०.८ ते १.२ मिमी कडक थर उरेल इतके कार्बराइजिंग करा. हे जमत नसेल तर ईएन २४ च्या रॉडमध्ये ईएन ३१ ची कडक रेस प्रेस करून बसवा. जुन्या ब्रिटिश सिंगल गाड्यांत कडक रेस दाबून बसवण्याची पद्धत रूढ होती.

एक रॉड बनवायचा असेल तरी दोन बनवा. दुसरा कापून दांड्याचा आणि भोकाचा कठीणपणा आतून मोजा. खर्च वाढतो, पण इंजिनात काय घातले आहे हे कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

प्रश्न : एच आकार की आय आकार? आणि टायटॅनियम? (कॉलेज रोड)

जुन्या इंजिनासाठी एच किंवा आय हा वाद गौण आहे. दोन्ही नीट आखले तर टिकतात. एच आकार बाजूने मिलिंग करायला सोपा, म्हणून थोड्या संख्येने बनवणाऱ्यांनी तो उचलला. आय आकार डायमधून घडवायला सोपा, म्हणून मोठ्या कारखान्यांनी. पोलाद, बोल्ट आणि कोपऱ्यांची गोलाई पाहा.

टायटॅनियम हलके असते. होंडाने १९८७ च्या आरसी ३० मध्ये ते रस्त्याच्या गाडीतही दिले. पण ते क्रँकच्या बाजूंना घासले की चिकटून फाटते, त्यामुळे बाजूंवर कडक लेप लागतो आणि तो निघाला की रॉड गेला. ओरखड्याला ते पोलादापेक्षा नाजूक. लाँग-स्ट्रोक जुन्या गाडीत त्यासाठी पैसे घालू नयेत.

प्रश्न : रॉड तुटला आणि केसिंगला भोक पडले. कारण कसे शोधायचे? (अंबड)

तुटलेल्या जागेवरून कळते. बोल्टचा मधला भाग बारीक होऊन तुटला असेल तर एका झटक्यात जास्त ओढ आली, बहुधा गिअर चुकून इंजिन जास्त फिरले. बोल्टच्या तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत भाग आणि त्यात कमानीसारख्या रेषा दिसल्या, तर चीर हळूहळू वाढत होती. बोल्ट कमी आवळलेला होता किंवा आट्यांच्या मुळाशी दोष होता. बिग एंड निळे पडले असेल तर तेल पोहोचले नाही, तुटणे नंतर झाले. दांडा वाकून मग तुटला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साठले होते. पावसात उभी राहिलेली किंवा कार्बोरेटरची सुई गळणारी गाडी किक मारून सुरू केली की असे होते, आणि रॉड त्याच दिवशी तुटतो असे नाही. वाकलेला रॉड पुढे काही महिने चालतो. स्मॉल एंडच्या खाली तुटला असेल तर आधी पिस्टन सिझ झाला (बॅरलमध्ये अडकला) होता का ते बॅरलमध्ये पाहा.

तुकडे पेट्रोलने धुऊ नका, आणि तुटलेली तोंडे एकमेकांना जुळवून पाहू नका, खुणा पुसल्या जातात. तेल लावून वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत ठेवा, बोल्टचे तुकडे आणि शेलही गाळणीतून काढून त्यात घाला. तपासणाऱ्याला द्यायच्या आधी कोणता तुकडा क्रँकच्या कोणत्या बाजूला होता ते पिशवीवर लिहा.